भावकर्तृक पाऊस : मावळ, हवामानबदल आणि आपली निसर्गसमीक्षा

उजाडते, सांजावते, गडगडते, मळमळते या क्रियापदांना मराठी व्याकरणाने 'भावकर्तृक' अशी संज्ञा दिली आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'च्या (१९११) परंपरेत वाढलेल्या शालेय व्याकरणांतून ती आपल्या परिचयाची आहे. क्रियेचा भाव हाच येथे कर्ता मानावयाचा; त्याहून निराळा कर्ता शोधावयाचा नाही. या वर्गातील क्रियापदे बहुधा आकाशाशी किंवा शरीराच्या आतल्या अवस्थेशी निगडित असतात. जे माणसाच्या हाती नाही, ते भाषेने कर्त्याविना सोडून दिले. 'पाऊस पडतो', 'दरड कोसळते', 'धरण भरते' ही वाक्ये काटेकोर अर्थाने भावकर्तृक नव्हेत. त्यांना कर्ता आहे, परंतु तो केवळ व्याकरणापुरता. पाऊस पडण्याचे कर्तृत्व पावसाकडे आहे असे बोलणाऱ्याला अभिप्रेत नसते.

व्याकरणाची चर्चा हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मराठी साहित्यविचाराने निसर्गाकडे पाहताना हीच भावकर्तृक रचना आपल्या संकल्पनांत मुरवून घेतली आहे, आणि हवामानबदलाच्या आजच्या संदर्भात ती अपुरी ठरते, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी मावळ-लोणावळ्याचा प्रदेश घेतला आहे. पाऊस म्हटला की मध्यमवर्गीय मराठी मनाला जी चार ठिकाणे आठवतात त्यांत लोणावळा-खंडाळा अग्रभागी असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, पाऊस ही मालकीची, खरेदी-विक्रीची आणि वादाची वस्तू होऊ शकते हे महाराष्ट्राला प्रथम ठळकपणे दिसले ते बारा मावळांच्या याच टापूत.

आधी शास्त्राचे थोडक्यात पाहू. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कर्बद्विप्राणिद वायू आज ४२० भागांच्या वर गेला आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. शिवाय अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असे दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. आणि हे घडले ते मोसमी पावसाचे एकूण मान घटत असताना. म्हणजे पाऊस वाढला वा कमी झाला, असे एका शब्दात सांगता येत नाही. तो साचला, तुटला आणि एकदम कोसळू लागला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या निष्कर्षातून एवढेच उचलावयाचे की पावसाच्या क्रियापदाला आता, अंशतः का होईना, खरा कर्ता लाभला आहे.

आपल्या समीक्षेपाशी या कर्त्याला जागा आहे काय? संस्कृत साहित्यशास्त्राने निसर्गाला मुख्यतः उद्दीपनविभावाचे स्थान दिले. मेघ, विद्युत्, केतकी ही रतीला वा विरहाला चेतवणारी सामग्री. बालकवींच्या पिढीने निसर्गाला आलंबनाच्या पदवीवर नेले हे मान्य करूनही, निसर्ग हा भावाचा विषय वा भावाचे निमित्त असतो, ही मूळ चौकट बदलली असे म्हणता येत नाही. पुढे मर्ढेकरी वळणाच्या सौंदर्यविचाराने लौकिक कारणपरंपरेपासून कलाकृती अलग केली आणि निसर्गही तिच्याबरोबर अलग झाला. आपल्याकडील पीएच. डी.च्या प्रबंधांत 'निसर्गचित्रण' हे प्रकरण बहुधा शेवटून दुसरे असते आणि त्यात प्रतिमांची मोजदाद असते. हा थट्टेचा विषय नाही, ते आपल्या संकल्पनाव्यूहाचे अचूक प्रतिबिंब आहे. निसर्ग 'चित्रित' होतो, तो काही करीत नाही आणि त्याच्यावर कोणी काही केलेलेही नसते.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) या संदर्भात मुद्दाम वाचले पाहिजे. चैत्र ते फाल्गुन अशा बारा मासांच्या क्रमाने लिहिलेले हे पुस्तक ललित गद्याचा मानदंड म्हणून शिकविले जाते. त्याची खरी ताकद निरीक्षणाच्या अचूकतेत आहे, हे मात्र वर्गात सहसा सांगितले जात नाही. कोणते झाड कोणत्या पंधरवड्यात फुलते, कोणता पक्षी केव्हा आवाज बदलतो, आकाशाचा रंग कोणत्या मासात कसा असतो याच्या नोंदी या लेखनाच्या बुडाशी आहेत. 'चक्र' हा शब्द त्या काळी गृहीतक होता. ऋतू परत येतो, आणि तो परत येणारच म्हणून त्याचे येणे सोहळ्यासारखे वर्णिता येते. आज सत्तर वर्षांनी त्या ग्रंथाची जातकुळी आपोआप बदलते आहे. महाराष्ट्रातील विसाव्या शतकाच्या मध्याचा निसर्गक्रम कसा होता, याचा तो दस्तऐवज होऊ लागला आहे. लेखिकेला हे अभिप्रेत नव्हते; परंतु संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूवर थांबत नाही, ही गोष्ट आपण गेली तीसचाळीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगतच आहोत. ती येथे सूत्र म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून समोर येते.

चक्र ढळले की भाषेतील चिन्हे कशी सैल होतात, हे पावसाच्या लोकनामांत स्पष्ट दिसते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा या नक्षत्रांवर शेतकऱ्याचे वर्ष बेतलेले असते. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस. पावसाला वय आहे, स्वभाव आहे, वाहन आहे. मावळात राब भाजून रोपे टाकणे, चिखलणी, आवणी या कामांची वेळ याच नावांनी सांगितली जाई. पाऊस नेमाने येत होता तोवर नाव आणि घटना यांचा मेळ राहिला. मृग कोरडा जाऊन पुष्यात चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडू लागला, की तरणा-म्हातारा ही नावे पंचांगात उरतात आणि चिन्ह आपल्या निर्देश्यापासून सुटते. असाच प्रकार 'वळीव' आणि 'अवकाळी' यांचा. वळीव हा उन्हाळ्याच्या शेवटी येणारा, अपेक्षित आणि स्वागतार्ह पाऊस. त्याला अवकाळी म्हणणे ही एके काळी भाषिक चूक ठरली असती. अलीकडच्या वृत्तपत्रीय मराठीत वैशाखातला कोणताही पाऊस अवकाळी ठरतो. 'अव' हा उपसर्ग लागण्यासाठी आधी 'काळ' निश्चित असावा लागतो, आणि नेमका तोच अनिश्चित झाला आहे.

शासकीय भाषेची अडचण याहून मौजेची आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती 'अतिवृष्टी'. लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान चार हजार मिलिमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे वडगाव-तळेगावकडे येता येता ते झपाट्याने उतरते आणि पुण्यात सातशेच्या आसपास पोचते. आषाढातल्या लोणावळ्यात ६५ मिलिमीटरचा दिवस हा साधा दिवस असतो. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना 'अति' या उपसर्गाचा अर्थ सारखा राहत नाही. पंचनाम्याचा कागद मात्र एकच असतो. त्यात 'नैसर्गिक आपत्ती' हे पद येते, आणि ते आले की कर्त्याचा प्रश्न मिटला असे मानण्याची सोय होते. घाटाखाली खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दीडशेवर माणसांसह गाडले गेले होते. दोन्ही ठिकाणची बातमी 'दरड कोसळली' या एकाच अकर्मक क्रियापदावर उभी होती.

मावळच्या भूमीवर लिहिणारे आपले थोर लेखक गो. नी. दांडेकर. तळेगाव दाभाड्याला राहून त्यांनी हा प्रदेश पायांखाली घातला. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या दोन कादंबऱ्यांत अनुक्रमे पवन मावळ आणि राजमाची हे प्रदेश पार्श्वभूमी न राहता पात्रांच्या मनोघटनेत उतरले आहेत, हे अनेकांनी म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. तुंगाच्या हवालदारकीचा धोंडीचा अभिमान ज्या खोऱ्याकडे पाहून पोसला जातो, त्या खोऱ्याचा मोठा भाग पुढे पवना धरणाच्या जलाशयाखाली गेला. आजचा वाचक ही कादंबरी हाती घेऊन तुंगावर चढला, तर त्याला कादंबरीतल्या शिवाराऐवजी निळे पाणी दिसते आणि त्याच्या काठावर तंबूत मुक्कामाला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे. त्या पाण्याचा पुढचा प्रवासही शांत झाला नाही. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले.

बुधा मुंबईचे आयुष्य मागे टाकून माचीवर परततो. रानाशी, पाखरांशी, झाडांशी त्याचे जे अद्वैत जमते ते गोनीदांच्या प्रतिभेचे मोठे यश आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही कादंबरीची रचना मुंबई आणि माची या दोन टोकांवर उभी असते: तिकडे यंत्र, इकडे निसर्ग. समीक्षेने हे द्वंद्व जसेच्या तसे उचलले. वस्तुतः ही दोन टोके एका तारेने जोडलेली होती. इंद्रायणीच्या उगमाकडील पाणी लोणावळा, वलवण आणि शिरवटा येथील तलावांत अडवून, पूर्वेला जायचे ते पश्चिमेला वळवून, घाटावरून खोपोलीच्या वीजगृहावर सोडण्यास १९१५ साली आरंभ झाला. जे पाणी देहू-आळंदीवरून भीमेला मिळायचे ते पाताळगंगेत उतरू लागले. पुढे आंद्रेचे पाणी ठोकळवाडीला अडवून भिवपुरीला (१९२२) आणि मुळशीचे भिऱ्याला (१९२७) गेले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. बुधाने मागे टाकलेली मुंबई मावळच्या पावसावर चालत होती, ही गोष्ट कादंबरीत नसली तरी तिच्या वाचनात असावयास हरकत नाही. यंत्र आणि निसर्ग यांचे द्वंद्व मग द्वंद्व राहत नाही. तो एक व्यवहार ठरतो.

या व्यवहाराचे वाङ्मय आपल्याकडे आहे, पण आपण त्याला वाङ्मय मानीत नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी खोऱ्यात सत्याग्रहाला सुरुवात झाली. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. भुस्कुट्यांनी पुढे सत्याग्रहाचा इतिहास लिहिला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याची राज्यशास्त्रीय चिकित्सा केली आणि २००९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले. जमिनी अनेकदा पुण्यातील सावकारांकडे होत्या, कसणारे मावळे होते, आणि मोबदल्याच्या प्रश्नावर या दोघांचे हितसंबंध फुटले, हा व्होरांच्या विवेचनातील भाग मला वाङ्मयीन दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. त्या काळची पत्रके, भाषणे, सेनापतींची पद्यरचना, भुस्कुट्यांचे निवेदन यांत पाऊस हा रम्य किंवा रौद्र नाही. तो कोणाचा, कोठे अडवायचा, त्यावर कोणाचा दिवा लागणार आणि कोणाची चूल विझणार, अशा प्रश्नांत तो येतो. निसर्गविषयक मराठी लेखनात कर्ता, कर्म आणि संप्रदान या कारकांचा इतका स्पष्ट उल्लेख दुसरीकडे क्वचित सापडेल. इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या विभागांनी हे साहित्य वाचले. मराठीच्या विभागांनी नाही.

कादंबरीच्या क्षेत्रात याचे दोन तुटलेले प्रवाह दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या (१९५५) अखेरीस दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. तो दुष्काळ नियतीसारखा येतो. त्याच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही, आणि कादंबरीचा संयत सूर यामुळेच शक्य होतो. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) बाजार, बेकारी, कर्ज हे शोषणाचे कर्ते ठसठशीत आहेत, पण पाऊस तेथेही कर्त्याविनाच राहतो. उलट विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त (१९९१) धरणग्रस्तांच्या विस्थापनाचे कर्ते नावानिशी, हुद्द्यानिशी उभे आहेत. पाऊस मात्र तेथे विषय होत नाही, पाणी होते. एका परंपरेत आकाश आहे आणि जबाबदारी नाही, दुसरीत जबाबदारी आहे आणि आकाश नाही. हवामानबदल ही घटना नेमकी या दोहोंच्या सांध्यावर घडते. म्हणून 'मराठीत हवामानबदलाची कादंबरी का नाही' हा आपल्या चर्चासत्रांतील आवडता प्रश्न मला काहीसा उथळ वाटतो. त्या कादंबरीची अंगे आपल्यापाशी आहेत. 'ग्रामीण', 'प्रादेशिक', 'धरणग्रस्तांचे', 'निसर्गपर' अशी कपाटे करून आपण ती एकमेकांशेजारी येऊ दिली नाहीत.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) मध्ये वास्तववादी कादंबरीने असंभाव्य घटनांना हद्दपार केले, म्हणून हवामानबदल तिच्या कक्षेबाहेर राहिला, असे प्रतिपादन केले आहे. मांडणी चमकदार आहे. परंतु ती संभाव्यतेच्या ज्या बुर्ज्वा कल्पनेवर आधारलेली आहे, ती मराठी कादंबरीत कधी पुरती रुजली होती काय, याची शंका आहे. आपल्या ग्रामीण कादंबरीत दुष्काळ, पूर, साथ यांना मज्जाव कधीच नव्हता. आपल्या पेचाचे मूळ संभाव्यतेत नाही, कर्तृत्वात आहे. याच संदर्भात दिपेश चक्रबर्ती यांच्या २००९ मधील निबंधाचाही विचार करावा लागतो. मानवजात ही आता भूगर्भीय शक्ती झाली आहे, तेव्हा इतिहासाने 'प्रजाती' या संज्ञेचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे. मावळात उभे राहून हे वाचले की अडखळायला होते. मुळशीच्या कुळाला आणि त्याच्या भाताचे खाचर बुडवून चाललेल्या गिरणीच्या मालकाला 'मानव' या एकाच कर्तृपदाखाली बसवले, तर भावकर्तृक प्रयोगातून सुटून आपण दुसऱ्या तितक्याच धूसर प्रयोगात शिरतो. 'मानवनिर्मित' हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. कोणत्या मानवाने, कोणाच्या जिवावर, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

लोणावळ्याचे भुशी धरण या गुंत्याचे लहानसे उदाहरण म्हणून पाहता येईल. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढणाऱ्या कोळशाच्या इंजिनांना पाणी हवे होते आणि रेल्वेच्या या गरजेपोटी भुशीचे पाणी अडविले गेले. कोळसा गेला, इंजिने गेली, पायऱ्यांवरून वाहणारे पाणी राहिले आणि ते चित्रपटीय, पर्यटकीय पावसाचे प्रतीक झाले. ३० जून २०२४ रोजी धरणामागील धबधब्याच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले तेव्हा सार्वत्रिक चर्चा पर्यटकांच्या बेफिकिरीभोवती फिरली. बेफिकिरी होतीच. पण पाऊस म्हणजे आनंदाचे उद्दीपन, ही धारणा त्या कुटुंबाने एकट्याने तयार केलेली नव्हती. कविता, चित्रपटगीते, जाहिराती आणि शालेय पाठ्यपुस्तके यांनी तीनचार पिढ्या ती शिकवली. ओढ्याचे पाणी अचानक का वाढते, वरच्या पाणलोटात काय चालले असेल, हे ज्याला कळते असा पाऊसवाचक आपल्या वाङ्मयीन संस्कारातून घडला नाही. तो घडला होता जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून, विशेषतः मुळशी-मावळातून, जमविलेल्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहात पाऊस आणि धरणी यांचे दांपत्य आहे, रुसवे आहेत, आणि त्याबरोबरच बांध, खाचर, बी यांची रोकडी चिंता आहे. तेथे भाव आणि कारण यांची फारकत झालेली नाही. हे साहित्य 'लोकसाहित्य' या वेगळ्या पेपरात टाकून आपण आधुनिक कवितेच्या अभ्यासाला त्याच्यापासून वाचविले.

आता उपायांविषयी. हवामानबदलावरील उपाय हा समीक्षेचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु उपायांनाही भाषा असते आणि ती वाचावी लागते. जलविद्युतेला विसाव्या शतकाच्या आरंभी जगभर 'पांढरा कोळसा' म्हणत. धूर नाही, राख नाही, डोंगरावरून फुकट पडणारे पाणी. मुंबईच्या धुराला कंटाळलेल्या नागरी वर्गाला ते पटण्यासारखे होते आणि तांत्रिकदृष्ट्या खोटेही नव्हते. जो कोळसा त्या वीजगृहांमुळे जळाला नाही, तो आजच्या हिशेबात वजाबाकीतच धरावा लागेल. म्हणजे ज्या प्रकल्पाने मुळशीची गावे बुडविली तोच हवामानाच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा होतो. या विसंगतीला सोपे उत्तर नाही, आणि ते आहे असे भासविणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लेखनापासून मी तरी सावध असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा सामंजस्य करार केला: पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १८०० मेगावॉट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १००० मेगावॉट. दिवसा सूर्यापासून वीज मुबलक मिळते तेव्हा पाणी खालून वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते पुन्हा खाली सोडायचे, अशी ही योजना. सौर आणि पवन ऊर्जेच्या वाढीसाठी अशा साठवणीची गरज आहे, हे जाणकार सांगतात व त्यात तथ्य आहे. शतकापूर्वीची तीच ठिकाणे, तेच घाट, तेच पाणी. शब्द बदलले आहेत: 'पांढरा कोळसा' जाऊन 'हरित' आणि 'स्वच्छ' ही विशेषणे आली आहेत. या विशेषणांपाशी थांबून त्यांचे क्रियापद कोठे आहे आणि त्या क्रियापदाचा कर्ता व संप्रदान कोण, हे विचारण्याचे काम मराठीच्या अभ्यासकाला नक्कीच जमण्यासारखे आहे. मुळशीच्या पत्रकांतील मराठी आणि आजच्या प्रकल्प अहवालांतील मराठी एकमेकांशेजारी ठेवून, दोहोंतील कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांची तुलना करणारा एखादा प्रबंध कोणी हाती घेतला, तर त्याला सामग्रीची उणीव पडणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राच्या शिफारशी, पवनाकाठच्या आंदोलनाची पत्रके, सावकारांच्या आणि कुळांच्या नावांनी भरलेली मुळशीची कागदपत्रे, हे सारे लोणावळा ते पुणे या लोकल गाडीच्या टप्प्यात आहे.